वाटीचा तो एक एक्स-रे

"एक्स-रे नॉर्मल आहे, व्यायाम वाढवा." आठ महिन्यांत हे तीनदा ऐकलं. आजही आठवलं की डोकं तापतं.

गुडघा बदलून चार वर्षं झाली होती, काही तक्रार नव्हती. मग खुर्चीतून उठताना वाटीच्या मागे कळ यायला लागली. सपाटीवर चालताना काही नाही, जिना चढताना मात्र कठडा धरून थांबावं लागे. वाटीवर तळहात ठेवून पाय सरळ केला की आत काहीतरी खट्कन सरकलेलं हाताला लागायचं. हे मी दर वेळी सांगितलं. दर वेळी समोरून एक आणि बाजूने एक, असे दोनच एक्स-रे निघाले. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बसवलेले कृत्रिम भाग घट्ट आहेत, म्हणजे सगळं ठीक! अहो, पण दुखतंय वाटीत! गुडघा बदलताना वाटीच्या मागे सिमेंटने बसवलेलं बटण (गोल चकतीसारखा कृत्रिम भाग) पॉलिथिनचं असतं, ते एक्स-रेत उमटतच नाही. दिसतं ते भोवतालचं सिमेंट आणि हाड. ते नीट बघायचं तर गुडघा वाकवून 'स्कायलाइन' एक्स-रे काढावा लागतो. तो कुणी लिहूनच दिला नाही. मी मात्र रडत-कुढत व्यायाम वाढवत राहिले. तुमचं दुखणं वाटीत असेल तर हा एक्स-रे नाव घेऊन मागा, संकोच करू नका.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी तो काढला, आधीचे सगळे एक्स-रे शेजारी लावले आणि बोट ठेवून दाखवलं: सिमेंट आणि हाडाच्या मधे काळी रेघ, वाटी एका बाजूला कललेली. म्हणजे बटण सैल झालं होतं. मला तिथेच रडू आलं. म्हणून जुनी फिल्म एकही टाकू नका.

पुढचं भराभर झालं. जंतुसंसर्ग नाही ना, यासाठी ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या केल्या आणि गुडघ्यातलं पाणी तपासलं. (त्याआधी स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, जंतू असूनही रिपोर्टमध्ये सापडत नाहीत.) बाकीचे भाग फिरलेले नाहीत ना, हे सीटी स्कॅनमध्ये पाहिलं. नाहीतर नवं बटणही पुन्हा सैल होऊ शकतं. वाटीचं हाड फार पातळ उरलं असेल तर नवं बटण बसवणार नाही, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. माझं पुरेसं होतं, फक्त बटण बदललं.

आणि हो, पहिल्या ऑपरेशनच्या कागदांत इम्प्लांटचे स्टिकर असतात, कंपनी आणि साइज लिहिलेले. जुळणारा भाग मागवायला ते लागतात. माझे सापडेनात म्हणून तारीख एक आठवडा पुढे गेली. नवे मी फाइलच्या पहिल्याच पानावर चिकटवलेत.