'यस्टर्डे'ची जागा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी पाठवाव्यात, असे पत्र आले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सर्वप्रथम उभा राहिला तो आठवीच्या वर्गातील फळा आणि त्याच्या मधोमध एका चौकटीत लिहिलेले 'क्लोज्ड' हे एकच क्रियापद. इंग्रजीच्या सरांनी त्या चौकटीच्या डावीकडे 'ही' आणि उजवीकडे 'द डोअर' असे लिहिले आणि 'क्वाएटली' हा शब्द लिहिलेली पुठ्ठ्याची पट्टी माझ्या हातात देऊन ती कोठे कोठे बसते ते दाखवायला सांगितले. मराठीत 'त्याने हळूच दार लावले' आणि 'त्याने दार हळूच लावले' ही दोन्ही वाक्ये चालतात, म्हणून मी निर्धास्तपणे ती पट्टी 'क्लोज्ड' आणि 'द डोअर' यांच्यामध्ये धरली. सर म्हणाले, "अरे, क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये कोणी बसायचे नसते. दाराच्या पलीकडे जा, नाहीतर क्रियापदाच्या अलीकडे ये." कर्म फार लांबलचक असेल तर ही मनाई सैल होते, हे त्यांनी पुढे दहावीत सांगितले. आठवीत मात्र त्यांनी अपवादांची वाच्यता केली नाही, आणि आज मला ते शहाणपणाचे वाटते.

वाक्यांचे साचे शिकवण्याची ती पद्धत सरांनी स्वतः शोधलेली नव्हती. ए. एस. हॉर्नबी यांनी आपल्या १९५४ च्या पुस्तकात इंग्रजी क्रियापदांचे २५ साचे मांडले होते आणि सरांच्या टिपणांच्या वहीचा पाया तोच होता. पण साच्यात क्रियाविशेषण बसवताना मराठी मुलगा नेमका कोठे अडखळतो, याची जाण मात्र पूर्णपणे सरांची होती.

त्यांचे म्हणणे असे, की मराठी क्रियापद आपल्या प्रत्ययांतून आणि सहायक क्रियापदांतून बरेच काही स्वतःच सांगून टाकते. 'आला', 'आला आहे', 'आला होता', 'यायचा' अशी चार रूपे ऐकताच आपल्याला चार वेगळ्या गोष्टी कळतात. इंग्रजीचा साधा भूतकाळ त्यामानाने अबोल असतो आणि त्याला बोलते करण्याचे काम पुष्कळदा क्रियाविशेषणाकडे येते. 'ही केम लेट' म्हणजे तो उशिरा आला, एवढेच; पण 'ही ऑफन केम लेट' म्हटले की तेच 'केम' 'यायचा' या अर्थाचे होते. क्रियापदाच्या रूपात काडीचाही बदल झालेला नसतो. आपल्या व्याकरणात ज्याला रीतिभूतकाळ म्हणतात, त्याचे काम तेथे 'ऑफन' हा शब्द करतो. हे ऐकल्यावर वर्गातील निम्म्या मुलांच्या मनातील एक जुनी गाठ सुटली असावी. माझी तरी सुटली.

याच विचाराची दुसरी बाजू त्यांनी आम्हांला 'परवा' या शब्दावरून दाखवली. 'परवा' हा शब्द एकटा असताना मागचा की पुढचा, हे कोणालाही सांगता येत नाही. 'परवा आला' म्हटले की तो मागचा ठरतो आणि 'परवा येईल' म्हटले की पुढचा. येथे क्रियापद क्रियाविशेषणाला काळ देते. मग त्यांनी फळ्यावर 'आय पुट द की हिअर' असे लिहिले आणि काळ विचारला. कोणी वर्तमान म्हणाले, कोणी भूत. 'पुट', 'कट', 'शट' ही क्रियापदे दोन्ही काळांत सारखीच राहतात, म्हणून 'एव्हरी डे' जोडले तर ते वाक्य रोजचे होते आणि 'यस्टर्डे' जोडले तर कालचे. येथे उलट क्रियाविशेषणच क्रियापदाला काळ देते. 'रीड' आणि 'रेड' ही रूपे लिहिण्यात एकसारखी असल्यामुळे मोठ्याने वाचणाऱ्याला आधी वाक्याच्या शेवटी नजर टाकावी लागते, हेही मला त्याच तासाला उमगले. कर्ता 'ही' किंवा 'शी' असेल तर वर्तमानकाळातील 'एस' गुपित फोडते, हा मुद्दा पहिल्या बाकावरील एका मुलीने काढला आणि सरांनी तिला खडूचा एक आखा तुकडा बक्षीस दिला.

आमच्या चुकांचे मूळ सर नेहमी आमच्याच भाषेत शोधत. 'काल मी तेथे गेलो होतो' हे मराठीत अगदी सहज वाक्य आहे. त्याच्यापुढे दुसरी कोणतीही घटना असावी लागत नाही. ते जसेच्या तसे उचलून आम्ही 'आय हॅड गॉन देअर यस्टर्डे' असे लिहीत असू. इंग्रजीत हा 'हॅड' आला की वाचणारा भूतकाळातील दुसऱ्या घटनेची वाट पाहत राहतो, आणि ती आलीच नाही तर वाक्य अधांतरी लोंबकळते. 'मी त्याला काल पाहिले आहे' यावरून लिहिलेल्या 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' या वाक्याचीही तीच गत होती. 'यस्टर्डे', 'लास्ट वीक', 'टू डेज अगो' हे सरलेल्या वेळेचे शब्द साध्या भूतकाळाशीच नांदतात. त्यांना 'हॅव'चा शेजार खपत नाही. 'दोन दिवसांपूर्वी' या एका मराठी शब्दप्रयोगासाठी आजपासून मागे मोजायचे असेल तर 'अगो' आणि भूतकाळातील एखाद्या क्षणापासून मागे मोजायचे असेल तर 'बिफोर', हा भेद मला पाठ व्हायला एक संपूर्ण सत्र लागले.

'नेव्हर'ची गंमत वेगळीच होती. 'ही डिड नॉट कम' या वाक्यात भूतकाळ 'डिड'कडे जातो आणि 'कम' मूळ रूपात उरते. 'ही नेव्हर केम' या वाक्यात मात्र नकार क्रियाविशेषणानेच दिलेला असल्यामुळे 'डिड'ची गरज उरत नाही आणि भूतकाळ क्रियापदापाशीच राहतो. आम्ही दोन्हींची सरमिसळ करून 'डिड नॉट केम' लिहीत असू. त्यावर सर वहीच्या समासात 'भूतकाळ दोनदा' एवढेच लाल शाईने लिहीत. 'सेल्डम' वाक्याच्या अग्रभागी नेले तर 'सेल्डम डिड ही स्पीक' अशी उलटापालट होते, हे त्यांनी हुशार मुलांसाठी म्हणून सांगितले होते, आणि म्हणूनच आम्ही सर्वांनी ते लिहून घेतले.

रीत, स्थळ, काळ हा क्रम तर आमच्या वर्गाचा मंत्रच झाला होता: 'शी सँग ब्यूटिफुली इन द हॉल लास्ट नाइट'. जाण्यायेण्याच्या क्रियापदांनंतर बहुधा स्थळ आधी येते, एवढी पुस्ती त्याला जोडलेली असे. 'हार्ड' आणि 'हार्डली' यांच्यातील फरकाविषयी मी येथे लिहीत नाही; तो प्रत्येक शाळेत शिकवला जातो आणि प्रत्येक शाळेतील मुले त्यावर एकदा तरी हसतात.

मला सर्वांत अधिक मोलाचा वाटतो तो मात्र जागा बदलताच अर्थ बदलतो हा धडा. 'शी सॉ द नोट क्लिअरली' म्हणजे तिला चिठ्ठी स्पष्ट दिसली. 'क्लिअरली, शी सॉ द नोट' म्हणजे तिने चिठ्ठी पाहिली होती हे उघड आहे. पहिल्या वाक्यात क्रियाविशेषण पाहण्याविषयी बोलते, तर दुसऱ्यात बोलणाऱ्याच्या मताविषयी. पुढे मी भाषांतराच्या व्यवसायात आलो आणि जबाबांची इंग्रजी भाषांतरे करू लागलो, तेव्हा हा धडा रोजच्या कामाचा झाला. 'त्याने मला काल सांगितले, की तो तेथून निघाला' या जबाबातील 'यस्टर्डे' जर 'टोल्ड मी'पाशी न ठेवता वाक्याच्या शेवटी टाकला, तर सांगणे कालचे न राहता निघणे कालचे होते. एकाच वाक्यात भूतकाळातील दोन क्रियापदे आली, की मी आजही पेन खाली ठेवतो आणि कालवाचक शब्द कोणाच्या दारात उभा आहे ते पाहतो.

ही सवय मला जिच्यामुळे लागली, ती चूक माझीच होती. सहामाही परीक्षेत मी 'द बॉय हू रॅन क्विकली फेल' असे वाक्य लिहिले होते. सरांनी 'क्विकली'च्या दोन्ही बाजूंना बाण काढून अर्धा गुण कापला आणि खाली लिहिले, 'भरभर पळाला, की चटकन पडला?' पेपर मिळाल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी गेलो आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मुलगा पळतही जोरात होता आणि पडलाही चटकन, असा युक्तिवाद केला. सरांनी तो शांतपणे ऐकून घेतला, पेपर माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "मग क्रियाविशेषणे दोन लिही." अर्धा गुण काही वाढला नाही.