टेबल टेनिसच्या चेंडूचे पायलट

दादाच्या रिमोटवरच्या मॉडेल विमानाला पायलट मी दिले. एक नाही, दोन. डोकी टेबल टेनिसच्या चेंडूंची, गॉगल वहिनीच्या बीपीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातले, टोप्या फाटक्या पर्सच्या रेक्झिनच्या. माणसाचं डोकं साधारण तेवीस-चोवीस सेंटिमीटर उंच. विमान खऱ्याच्या सहापट लहान, म्हणून त्याला सहाने भागा, चार येतात. आणि चेंडू बरोबर 40 मिलिमीटरचा! हे मी सांगितलं तेव्हा दादाने पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. त्यात एका चेंडूचं वजन 2.7 ग्रॅम. विमान बनवणाऱ्या माणसाला हलकी गोष्ट दिसली की त्याचा चेहरा लग्नघरातल्यासारखा होतो.

विमान होतं एचटी-2, खऱ्याच्या एक षष्ठांश. हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनवलेलं, नव्या वैमानिकांना शिकवण्यासाठीचं, 1951 साली पहिल्यांदा उडालेलं. आराखडा डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा; ते जर्मनीत गटिंगेनला, वायुगतीचे नामांकित शास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आले होते, हे दादा दूधवाल्यालासुद्धा सांगतो. एकामागे एक अशा दोन जागा, म्हणून पायलट दोन. पुढचा बिनमिशीचा तो शिकाऊ, मागचा मिशीवाला तो मास्तर, हे भाचीने परस्पर ठरवून टाकलं.

स्पर्धा इंदूरच्या खंडवा रोडला, तेजाजी नगरच्या पुढे, सोयाबीन निघालेल्या एका शेतात. विमानतळ आणि बिजासनची टेकडी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे खऱ्या विमानांना आमचा उपद्रव नाही. धावपट्टीच्या कडा चुन्याने आखलेल्या, आणि वारा कुठून येतोय ते दाखवायला बांबूवर कुणाच्या तरी पायजम्याचा एक पाय. सकाळी साडेसातला पोहे आले. जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, विसरल्याबद्दल आयोजकांना जे ऐकावं लागलं, ते नंतर विमान पाडलेल्या कुणालाही ऐकावं लागलं नाही.

स्केलच्या स्पर्धेत उंच, वेगात, उलटंपालटं उडवून भागत नाही. तुमचं विमान खऱ्यासारखं वाटलं पाहिजे. आधी ते जमिनीवर ठेवायचं, परीक्षक चार पावलं लांब उभे राहून हातातल्या फोटोशी ताडून बघतात. मग उड्डाण. आणि इथेच भल्याभल्यांची गोची होते, कारण विमान सहापट लहान करता येतं, हवा करता येत नाही. खरं विमान ज्या झुळकेला दादही देत नाही, तिच्यात मॉडेल टुणटुण उडतं.

वेगाचं तर वेगळंच त्रांगडं. पायपर कब हे पिवळं छोटं विमान खऱ्या आयुष्यात ताशी 120 किलोमीटरच्या आसपास जातं. सहाने भागलं तर वीस, म्हणजे सायकल; तेवढ्यावर आमच्यातलं बहुतेक कुठलंच मॉडेल हवेत टिकणार नाही. म्हणून जाणती मंडळी सहाने नाही, सहाच्या वर्गमुळाने भागतात. अडीचच्या जवळपास. पन्नासच्या आतबाहेर उडवलं की डोळा फसतो आणि वाटतं, खरंच कुणीतरी दुपारी निवांत फिरायला निघालंय. (वर्गमुळाचा उपयोग काय, असं शाळेत विचारून मी छडी खाल्ली होती.) पण हातात रिमोट आला की सबुरी कुठली? एका पोराने कब असं दामटलं की माईकवाला ओरडला, ‘भिया, कब है, मच्छर नहीं!’

दादा मात्र हळू उडवतो. स्वभावच तसा, स्कूटरही तो स्केलमध्येच चालवतो. एचटी-2 आमच्या समोरून डोक्याइतक्या उंचीवरून गेलं, पंख थोडा कललेला, आणि काचेतून माझे दोघे क्षणभर दिसले. मास्तर, शिकाऊ, दोन्ही गॉगल चमकले. मला हसू यायला हवं होतं. पण मी चक्क हात हलवला.

उतरताना घोटाळा झाला. चाकं टेकली अलगद, शेवटी शेवटी मात्र एक चाक पट्टी सोडून काळ्या मातीच्या भेगेत गेलं. शेपटी वर, नाक ढेकळात, पंख्याचं एक पातं गायब. काच उघडली गेली आणि शिकाऊचं डोकं टप्पे घेत परीक्षकांच्या टेबलाखाली. टेबल टेनिसचा चेंडूच तो, जाणारच. एका आजोबा परीक्षकांनी ते उचललं, टोपी नीट केली आणि अतिशय गंभीरपणे वहीत काहीतरी लिहिलं.

नंबर आला नाही. ‘सर्वांत शूर वैमानिक’ म्हणून अर्धा किलो लवंगी शेव मिळाली, ती परतीच्या वाटेवर गाडीतच संपली.

रात्री दादाने डोकं चिकटवलं. चष्मा न लावता. सकाळी बघते तर शिकाऊचं तोंड मागे, थेट मास्तरांकडे. मी म्हटलं, ‘अरे, काढ ते, उलटं बसलंय.’

‘राहू दे गं,’ दादा म्हणाला. ‘विचारतोय तो. सर, आता काय करू?’