धाकट्याचं घोरणं, अ‍ॅडिनॉइड आणि ऑपरेशन : माझा अनुभव

लहान मूल सर्दी नसतानाही रोज रात्री घोरत असेल, तर त्याला एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच. बाकीचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल, म्हणून हे आधी सांगून टाकते.

आम्ही नाशिकचे. माझा धाकटा साडेचार वर्षांचा होईपर्यंत त्याच्या घोरण्याचं घरात कौतुकच होतं. 'आजोबांवर गेलाय', 'दिवसभर हुंदडतो, मग गाढ झोपतो बिचारा', असं सगळेच म्हणायचे. थंडीत नाशिकला सर्दी-खोकला घरोघरी असतो, त्यामुळे नाक चोंदलं असेल, जाईल, असं वाटायचं. पण उन्हाळा आला तरी नाक मोकळं होईना. तोंड सतत उघडं, ओठ सुकलेले, बोलणं नाकात अडकलेलं. 'मला' म्हणायला गेला की 'बला' यायचं. फोनवर मामाला 'बाबा' म्हणायचा आणि पलीकडून मामा हसायचा.

त्यात खोकला. दिवसा फारसा नाही, पण रात्री आडवा झाला की सुरू. नाकामागचा शेंबूड घशात उतरतो आणि खोकला येतो, हे पुढे कळलं. तेव्हा मात्र दर थोड्या दिवसांनी नवी बाटली घरात यायची. सासूबाई ज्येष्ठमध, मध, हळदीचं दूध देत होत्या, त्याने घशाला जरा बरं वाटायचं. (मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात द्यायचा नाही, हे मात्र लक्षात ठेवा.) खोकल्याच्या औषधांबद्दल मला जरा जोर देऊन सांगायचंय. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलंय. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या कफ सिरपने लहान मुलं दगावली, त्यातल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याचं सिरप देऊच नये आणि पाचखालच्यांना सहसा देऊ नये. दुकानातून 'लहान मुलांचं कफ सिरप द्या' म्हणून बाटली आणू नका. खोकला हा आजार नसतो, आत काय चाललंय त्याची ती खूण असते. आणि खाता-खेळताना एकदम ठसका लागून खोकला सुरू झाला, तर शेंगदाणा किंवा मणी श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. तेव्हा औषध-काढा काही न देता थेट दवाखाना गाठायचा.

आमच्याकडे खरी गोष्ट पकडली ती मोठीने. ती धाकट्याशेजारी झोपायची. एका सकाळी दूध पिता पिता म्हणाली, 'आई, हा रात्री मध्येच थांबतो.' म्हणजे काय विचारलं तर म्हणे, 'घोरतो, घोरतो, मग आवाजच नाही, मग एकदम दचकतो.'

त्या रात्री मी आणि नवरा जागे राहिलो. धाकटा मान मागे टाकून, हनुवटी छताकडे करून झोपला होता. श्वास घेताना गळ्याखाली खळगा पडत होता, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. मग घोरणं बंद झालं. छाती आणि पोट हलत होतं, पण नाकातोंडाशी बोट धरलं तर हवा लागत नव्हती. काही सेकंदांनी मोठा हुंकार देऊन तो कुशीवर वळला आणि पुन्हा घोरायला लागला. पंखा चालू असून उशी घामाने ओली. अंगातला सदरा वर करून आम्ही मोबाइलवर व्हिडिओ घेतला. छाती, गळा, तोंड तिन्ही दिसेल असा, आवाजासकट. पुढच्या सगळ्या प्रवासात त्या व्हिडिओइतकं उपयोगी काही ठरलं नाही. दवाखान्यात मूल जागं असतं, हसत असतं, डॉक्टरांना रात्र दिसत नाही. ती आपणच न्यायची असते.

आधी ज्यांना दाखवत होतो त्यांनी 'मोठा होईल तसं जाईल' असंच सांगितलं. ते अगदीच चूक नव्हतं, कारण अ‍ॅडिनॉइड, म्हणजे नाकाच्या मागे असलेल्या टॉन्सिलसारख्या गाठी, वयाच्या सात-आठ वर्षांनंतर हळूहळू आक्रसतात. पण तोवर काय, हा आमचा प्रश्न होता. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि लगेच नेमके प्रश्न सुरू केले. सकाळी डोकं दुखतं का? बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालंय का? जेवायला वेळ लावतो का? शाळेत कसा आहे? दिवसा पेंगतो का? पेंगत नव्हता, उलट चिडचिडा, एका जागी न बसणारा झाला होता. त्या म्हणाल्या, मोठ्या माणसाची झोप मोडली तर तो दिवसा डुलक्या घेतो, मूल मात्र अनेकदा अंगात आल्यासारखं धावतं. अंथरुणाचं तर मी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण त्याचा घोरण्याशी संबंध असेल असं कुणाच्या मनात येतं?

बाजूने काढलेल्या एक्स-रेत नाकाच्या मागे जिथे हवेचा काळा पट्टा दिसायला हवा, तिथे जेमतेम एक रेघ उरली होती. बारीक दुर्बीण नाकातून घालून पाहिलं. त्याला मी मांडीवर घट्ट धरलं होतं, रडला, पण मिनिटभरात झालं. टॉन्सिल तोंड उघडल्यावर दिसतात, अ‍ॅडिनॉइड दिसत नाहीत, ते टाळूच्या वर, नाकाच्या मागच्या बाजूला असतात. आपल्या पोराचे दोन्ही वाढलेले होते.

मग कान. शाळेतल्या बाईंकडून 'हाक मारली तरी लक्ष देत नाही' अशी तक्रार येत होती, आम्ही त्याला दटावतही होतो. कानाच्या पडद्याची हालचाल मोजणारी टिम्पॅनोमेट्री केली, तर आलेखात जिथे टोक यायला हवं तिथे दोन्ही कानांची सपाट रेघ. पडद्यामागे चिकट पाणी साठलेलं. नाकामागून कानात जाणाऱ्या नळीचं तोंड अ‍ॅडिनॉइडने दाबलं जातं, म्हणून असं होतं. पोराला ऐकूच कमी येत होतं. हे कळल्यावर मला फार लागलं.

लगेच ऑपरेशन असं मात्र झालं नाही, आणि मला तेच पटलं. नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा काही आठवडे दिला. स्टेरॉइड म्हटल्यावर घरात सगळे दचकले, पण ते औषध मुख्यतः नाकापुरतं काम करतं आणि रक्तात फार कमी उतरतं. फवारा मारताना नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेने धरायचं. तसं न केल्याने नाकातून रक्त येऊ शकतं. सोबत मॉन्टेल्युकास्ट या अ‍ॅलर्जी-दम्याच्या गोळीचा विषय निघाला होता. त्याने काही मुलांच्या झोपेत, स्वभावात, मनःस्थितीत बदल होतात म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं आणि ते न देण्याचं ठरवलं. फवाऱ्याने नाक थोडं मोकळं झालं, श्वास अडणं थांबलं नाही.

म्हणून झोपेची तपासणी केली. एक रात्र रुग्णालयात. डोक्याला, छातीला, पायाला वायरी, नाकाखाली नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. त्याला वायरी लावू देण्यासाठी आधी त्याच्या कापडी हत्तीला पट्ट्या चिकटवल्या, मगच तो तयार झाला. रिपोर्टमध्ये एक आकडा महत्त्वाचा असतो, तो म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो. मोठ्यांमध्ये पाचपर्यंत चालवून घेतात, मुलांमध्ये एकाच्या वर गेला तरी तो दोष धरतात आणि दहाच्या वर तीव्र. आमचा दहाच्या पुढे होता, आणि ऑक्सिजन मध्येच ऐंशी टक्क्यांच्या घरात उतरत होता. प्रत्येक मुलाला ही तपासणी लागतेच असं नाही, सगळीकडे सोयही नसते. पण आम्हाला त्या आकड्याने निर्णय घेता आला.

निर्णयाआधी मी बरंच वाचलं. २०१३ मध्ये अमेरिकेत झोपेत श्वास अडणाऱ्या पाच ते नऊ वर्षांच्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी नॉर्मल आली, आणि नुसती देखरेख ठेवलेल्यांपैकीही ४६ टक्के मुलांची. म्हणजे दुखणं सौम्य असेल तर थांबून पाहण्यात काही गैर नाही. पण आमच्याकडे आकडा वर होता, ऑक्सिजन उतरत होता, कान बंद होते. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, 'तुमचं मूल असतं तर?' त्या म्हणाल्या, 'केलं असतं.' सासूबाईंना टॉन्सिल काढले की प्रतिकारशक्ती जाते अशी भीती होती. डॉक्टरांनी त्यांना नीट बसवून समजावलं की तशाच पेशींचा भाग जिभेच्या मागे आणि घशात उरतो, तो काम करत राहतो. सासूबाईंनी मान डोलावली, तरी त्या रात्री देवापुढे जास्त वेळ बसल्या.

विम्याचं थोडक्यात सांगते. टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइडच्या ऑपरेशनला बऱ्याच वैयक्तिक पॉलिसींमध्ये दोन वर्षं थांबावं लागतं, नोकरीच्या ग्रुप पॉलिसीत बहुधा ती अट नसते. आपल्या पॉलिसीचा तो कागद आधीच शोधून ठेवा. आमच्याकडे कॅशलेस आधी नाकारलं, 'गरज सिद्ध होत नाही' म्हणून. झोपेचा रिपोर्ट आणि कानाचे आलेख जोडल्यावर मंजूर झालं.

ऑपरेशनची तारीख ठरली आणि नेमका त्याला ताप आला. सर्दी-तापात भूल देणं टाळतात, कारण श्वासनलिका चिडलेली असते. पुढे ढकलली. नव्या तारखेपर्यंत शाळेत पाठवलं नाही. भूलतज्ज्ञांनी आधी तपासलं, हिमोग्लोबिन आणि रक्त गोठण्याची तपासणी झाली. त्यांनी हलणारे दात आहेत का, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का, हेही विचारलं. सहा तास आधी खाणं आणि दूध बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. ही वेळ काटेकोर पाळायची. आजीने मायेने दिलेलं अर्धं बिस्किटही सांगावं लागतं.

आत नेण्याआधी गुंगीचं गोड औषध पाजलं. तो माझ्या खांद्यावर सैलावला आणि नर्सकडे मुकाट्याने गेला. टॉन्सिल, अ‍ॅडिनॉइड काढले आणि त्याच भुलीत कानाच्या पडद्याला बारीक छेद देऊन पाणी ओढून घेतलं. बाहेर आणल्यावर तो अर्धवट डोळ्यांनी किंचाळत, हातपाय झाडत होता, मला ओळखत नव्हता. भुलेतून उठताना काही मुलांचं असं होतं, थोड्या वेळात शांत होतात, हे आधी सांगितलं होतं म्हणून मी उभी राहू शकले. आकडा तीव्र असल्याने रात्रभर बोटाला चिमटा लावून रुग्णालयातच ठेवलं.

घरी आल्यावरचे दिवस खरे कठीण. आपल्याला वाटतं, रोज दुखणं कमी होत जाईल. तसं होत नाही. चार-पाच दिवसांनी ते पुन्हा वाढतं. घशात टॉन्सिलच्या जागी पांढरी साय धरते. तो पू नसतो, ती जखमेवरची खपली. तोंडाला घाण वास येतो. कान दुखतो म्हणून तो रडायचा, पण कानात काही नव्हतं, घशाच्या आणि कानाच्या संवेदना नेणारी नस एकच. सगळ्यात मोठं काम म्हणजे पाणी पाजणं. घसा कोरडा पडला की जास्त दुखतं, दुखतं म्हणून पीत नाही, आणि दुखणं वाढत जातं. वेदनेचं औषध वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेला, रडायची वाट न बघता, रात्री उठवूनही दिलं. कोडीन हे वेदनाशामक असलेलं औषध टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना देत नाहीत, काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार वेगाने होतं आणि श्वास मंदावतो. गार पेज, ताक, दही-भात, आइसक्रीम चाललं. लाल सरबत मुद्दाम टाळलं, उलटी झाली तर रक्त आहे की रंग हे कळायला हवं. खपल्या सुटतात ते पाचव्यापासून साधारण दहाव्या दिवसापर्यंत. त्या काळात रक्त येऊ शकतं, म्हणून गावाला जायचं नाही, रुग्णालय जवळ हवं. तोंडातून ताजं लाल रक्त दिसलं किंवा मूल सारखं गिळत राहिलं, तर वाट न पाहता निघायचं. आमच्याकडे तशी वेळ आली नाही.

पहिले काही दिवस पाणी पिताना नाकातून थोडं बाहेर यायचं, आवाज उलटा नाकातून जायचा. तेही गेलं. फोनवर 'मामा' स्पष्ट आलं, तेव्हा पलीकडून मामाच रडला. घोरणं सूज उतरल्यावर थांबलं, अंथरूण कोरडं राहायला काही आठवडे लागले. कानाची तपासणी परत केली, दोन्हीकडे टोक दिसलं. पण तोंड उघडं ठेवायची सवय अजून आहे. दंतवैद्यांनी वरचा जबडा अरुंद असल्याचं सांगितलंय, त्याकडे पुढच्या वर्षी बघायचं आहे. ऑपरेशनने सगळ्यांचं सगळंच जातं असं नाही. अ‍ॅडिनॉइड क्वचित पुन्हा वाढू शकतात, अ‍ॅलर्जी तर राहतेच. म्हणून धुळीची गादी काढली, घरात उदबत्ती-धूप बंद केले, थंडी सुरू होण्याआधी फवारा सुरू करतो. सर्दीत चार रात्री घोरला तर चालतं, पण सर्दी गेल्यावरही घोरत राहिला तर पुन्हा दाखवायचं आणि गरज वाटली तर झोपेची तपासणी परत करायची, असं डॉक्टरांशी ठरलंय.