लेंड्या मोजणारा माणूस

तिकिटं काढून झाली, हॉटेल ठरलं, खिडकीशी कोण बसणार यावरून भांडणही उरकलं आणि मग मुलीनं विचारलं, "आणि ढब्बू?" ढब्बू सोफ्याखाली आडवा पसरला होता. डोळे उघडे होते, पण ससे झोपेतही डोळे उघडे ठेवतात. त्यामुळे त्यानं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"आठ दिवसांचा तर प्रश्न आहे," असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं त्या सगळ्यांनी मांजरं पाळलेली असावीत. भरपूर गवत टाका, पाण्याची दोन भांडी ठेवा, मधे कुणीतरी डोकावेल. सशाचं असं भागत नाही. त्याच्या पोटाची गिरणी अखंड चालू राहावी लागते. वरून गवत पडत राहिलं पाहिजे आणि खालून लेंड्या. दहा-बारा तास त्यानं कशाला तोंड लावलं नाही तर गिरणी बंद पडते, पोटात वायू धरतो आणि त्याला घेऊन डॉक्टरकडे धावावं लागतं, उद्या सकाळी नव्हे, तेव्हाच. त्यातून ससा दुखणं लपवतो. रानात आजारी दिसणारा ससा सगळ्यात आधी उचलला जातो, ही भीती त्याच्या इतकी हाडीमाशी मुरलेली असते की घरातल्या सतरंजीवरही तो अखेरपर्यंत 'माझं उत्तम चाललंय' असाच बसून राहतो. डोकावायला येणारा भला शेजारी येणार दुपारी, म्हणजे नेमका ढब्बूच्या झोपेच्या वेळी. त्याची खरी धावपळ पहाटे आणि तिन्हीसांजेला. शेजारी आम्हाला कळवणार, "मस्त आहे, शांत बसलाय." ते ऐकून मी परतीचं तिकीट शोधायला लागणार.

मग ढब्बूला आठ दिवस ठेवून घेणारी जागा शोधायची ससेहोलपट सुरू झाली. (हा शब्द सशाचाच. ससेमिऱ्यात मात्र ससा नाही. ती एका जुन्या संस्कृत गोष्टीतल्या चार श्लोकांची पहिली अक्षरं. पण त्या आठवड्यात मी ज्यांना ज्यांना फोन केले त्यांना तो ससाच वाटला असणार.)

पहिल्या ठिकाणचं दरपत्रक ऐटबाज होतं. मोठे कुत्रे, छोटे कुत्रे, मांजरं, पक्षी आणि शेवटच्या ओळीत 'उंदीर, हॅमस्टर, ससे इ.' त्या 'इ.'च्या शेजारी ढब्बूला बसलेलं पाहून मला अपमान झाल्यासारखं वाटलं. सशाच्या वरच्या पुढच्या दातांच्या मागे आणखी दोन बारीक दात असतात, ते उंदरांना नसतात. याच आणि अशाच फरकांमुळे १९१२ साली सशांना कुरतडणाऱ्या प्राण्यांतून काढून वेगळा गण देण्यात आला. दरपत्रकापर्यंत ती बातमी अजून पोचायची होती. पण खरी अडचण दुसरीच होती. आत शिरताच भिंतीपलीकडून भुंकणं ऐकू आलं. "सगळे अगदी मजेत एकत्र राहतात," मालक म्हणाले. कुत्र्यांचं बरोबर आहे, ते मजेत असणारच. सशानं त्या वासात आणि आवाजात आठ दिवस खायचं कसं, हे त्यांना कुणी विचारलं नसावं. दर मात्र खरंच कमी होता. नवऱ्यानं परतताना दोनदा त्याची आठवण काढली.

दुसरी जागा चकचकीत. काचेची खोली, वातानुकूलन, मोबाइलवर चोवीस तास कॅमेरा. वातानुकूलन मला आवडलं, कारण सशाला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः ते दोन कान आणि उकाड्यानं तो फार लवकर खचतो. पण त्यांनी ढब्बूबद्दल एकच गोष्ट विचारली: आगाऊ रक्कम कशी भरणार? हिशेब रात्रींवर नव्हता, दिवसांवर होता. रात्री आठला सोडला तरी तो दिवस पूर्ण, सकाळी नऊला नेला तरी तो दिवस पूर्ण. सुट्टीच्या हंगामाचा अधिभार वेगळा, नखं कापायचे वेगळे, औषध पाजायचे वेगळे. नर आहे की मादी, नसबंदी झालीय का, यातलं काहीच नाही. सशाची मादी महिन्याभरात विते. त्या प्रश्नात केलेली काटकसर एखाद्याच्या घरी पाच-सहा पिल्लांच्या रूपानं पोचू शकते. राहिला कॅमेरा. मी आठ दिवस तो बघत बसणार आणि त्या बसण्याचे पैसेही मीच भरणार, असा तो एकंदर व्यवहार होता.

तिसऱ्या बाईंकडे दरपत्रकच नव्हतं. त्यांच्या घरी एक खोली सशांसाठी होती आणि फोनवर त्यांनी मला बोलूच दिलं नाही. कुठलं गवत खातो? दाणे कुठले? ते त्याचेच घेऊन या, एकदम बदलले तर पोट बिघडतं. लस कधीची? लेंड्या केवढ्या, हरभऱ्याएवढ्या की मुगाएवढ्या? मऊ लेंड्या तो स्वतः खातो ना, की मागे पडलेल्या दिसतात? मी घरात ज्या विषयावर बोलायला लागले की सगळे उठून जातात, तो विषय कुणीतरी आपणहून काढला होता. ढब्बूला घेऊन गेलो तेव्हा त्यांनी समोरून हात नेला नाही. सशाला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नाकाच्या अगदी पुढ्यातलं दिसत नाही, म्हणून बाई कडेनं गेल्या. उचलताना मागच्या पायांखाली हात. त्यानं पाय जोरात झाडले तर स्वतःच्याच लाथेनं त्याचा मणका मोडू शकतो, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मग वजन करून वहीत लिहिलं.

दर पहिल्या जागेच्या दुप्पट. नवरा म्हणाला, "शेवटच्या दिवशी सकाळीच नेणार आहोत, निम्मे धरा की." बाई नुसत्या हसल्या.

मग त्यांनी एक कागद पुढे केला. वर आमच्या डॉक्टरांचं नाव लिहायचं होतं, खाली एक रिकामी जागा. तुमचा फोन लागला नाही तर किती रकमेपर्यंतचे उपचार न विचारता सुरू करू?

मी पेन हातात घेतलं आणि थांबले. ढब्बू आणला तेव्हा त्याच्यापेक्षा त्याचा पिंजरा महाग होता. सशांचं हे असंच असतं, ससा स्वस्त आणि त्याच्यापुढचं सगळं महाग. व्यवहार बघायचा तर पहिल्याच तपासणीत त्याची किंमत संपते. तरीही आकडा तर लिहायचाच होता. कमी लिहिला तर मुलगी शेजारी उभी राहून वाचत होती. जास्त लिहिला तर नवरा. एका सशासाठी किती खर्च करणार हे आपण कधी ठरवत नाही, ती वेळ आली की बघू म्हणतो, आणि इथे एक बाई अगदी साधेपणानं विचारत होत्या की वेळ येण्याआधीच सांगा. मी मनातल्या मनात एक आकडा धरला, तो मलाच कंजूष वाटला, वाढवला, तर वेडेपणा वाटला. तेवढ्यात निम्म्या दिवसावरून घासाघीस करणाऱ्या माणसानं माझ्या हातातलं पेन घेतलं, माझ्या वेडेपणाच्याही दुपटीचा आकडा लिहिला आणि "चला, उशीर होतोय," म्हणून चपला घालायला लागला.

सहलीबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही, समुद्र होता. रोज सकाळी नाश्त्याच्या टेबलावर फोन वाजायचा आणि एका तबकातल्या लेंड्यांचा फोटो यायचा. शेजारी एक नाणं, आकार कळावा म्हणून. तिसऱ्या दिवशी त्या जरा बारीक होत्या. "नवी जागा आहे, गवत कमी खाल्लंय, संध्याकाळी पुन्हा कळवते," असा निरोप. संध्याकाळी आम्ही तिघं वाळूत बसून सूर्यास्ताकडे पाठ करून फोनकडे बघत होतो. फोटो आला. मुलीनं तो मोठा करून पाहिला आणि ओरडली, "हरभरे!" पलीकडचं कुटुंब आमच्याकडे वळून बघायला लागलं.

परतलो तेव्हा बाईंनी वही दाखवली. दोन वेळचं गवत, पाणी, लेंड्या, वजन, एका दिवशी 'आज पहिल्यांदा उडी मारून वळला', म्हणजे स्वारी खुशीत. वजन आठ दिवसांत जेमतेम हललं होतं. तो सही केलेला कागद त्यांनी तसाच परत दिला. नवऱ्यानं तो न बघता खिशात टाकला, पाकीट काढलं आणि म्हणाला, "आज सकाळी नऊला नेतोय. निम्मा दिवस धरा ना."

ढब्बूनं पिंजऱ्यातून मागचा पाय एकदा जोरात आपटला आणि आमच्याकडे पाठ केली.