तुम्ही विचारलेत म्हणून: अस्वलांच्या किनाऱ्यावर जाण्याआधी

अलास्काला दोनदा जाऊन आल्यापासून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: "समुद्रकाठची अस्वले पाहायची असतील, तर कयाकने (वल्ह्याने चालवायच्या अरुंद, हलक्या होडीने) जावे की इंजिनाच्या बोटीने?" हा प्रश्न ऐकला की मी आधी उलट दोन प्रश्न विचारते, कारण माझ्या मते वाहन ही या सहलीतली तिसरी गोष्ट आहे. तुम्ही जाल त्या आठवड्यात तिथले अस्वल काय खात असेल, ही पहिली गोष्ट, आणि त्या दिवसांत भरती-ओहोटी किती वाजता असेल, ही दुसरी. या दोन्हींची उत्तरे हाताशी असली की कयाक की बोट हे ठरवायला फार वेळ लागत नाही.

मी ज्या जागेबद्दल लिहिते आहे ती आग्नेय अलास्कातल्या अ‍ॅडमिरल्टी बेटावर आहे. तिथल्या मूळच्या त्लिंगित लोकांनी या बेटाला दिलेल्या नावाचा अर्थ 'अस्वलांचा गड' असा होतो, आणि ते नाव शब्दशः खरे आहे. सुमारे ४,२६० चौरस किलोमीटरच्या या बेटावर अंदाजे १,६०० तपकिरी अस्वले राहतात, म्हणजे अडीच-तीन चौरस किलोमीटरमागे एक. काळे अस्वल या बेटावर नाही. बेटाच्या पूर्व बाजूला सीमोर कॅनॉल नावाची लांबलचक खाडी आत शिरते आणि तिच्या काठावर पॅक क्रीक हा ओढा समुद्राला मिळतो. जूनो शहरापासून ही जागा सरळ रेषेत सुमारे ४५ ते ५० किलोमीटरवर आहे, परंतु तिथे रस्ता जात नाही. पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, बोटीने किंवा वल्हे मारतच जावे लागते.

आता अस्वलाच्या जेवणाकडे येते, कारण सहलीची तारीख त्यावरूनच ठरवायला हवी. थंडीची दीर्घ निद्रा संपवून बाहेर आलेल्या अस्वलाला मे-जूनमध्ये सर्वांत सोयीचे अन्न मिळते ते खाडीच्या मुखाशी, भरतीचे पाणी पोहोचते त्या खाजणात उगवणाऱ्या कोवळ्या लव्हाळ्यात. या दिवसांत त्या लव्हाळ्यात प्रथिने भरपूर असतात, आणि पाच-सहा अस्वले एकाच गवताळ पट्ट्यात गुरांसारखी शांतपणे चरताना दिसू शकतात. ज्यांनी अस्वल म्हणजे केवळ मासे पकडणारा प्राणी अशी कल्पना केलेली असते, त्यांना हे दृश्य सुरुवातीला निराश करते. मला मात्र तेच अधिक आवडते, कारण चरणाऱ्या अस्वलाला घाई नसते, आणि त्यामुळे ते एकमेकांशी कसे वागतात, कोण कोणाला वाट देतो, पिल्ले आईपासून किती दूर जाण्याचे धाडस करतात, हे सावकाश पाहता येते. मे-जून हा नर-माद्यांच्या मीलनाचाही काळ असतो. पुढे लव्हाळा निबर होऊन चरबरीत होतो आणि साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत पिंक व चम या जातींचे सॅमन मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यात चढू लागतात. मग गवतातली अस्वले ओढ्यात उतरतात. या दोन हंगामांच्या मधल्या पोकळीत, म्हणजे गवत संपत आलेले आणि मासे अजून आलेले नाहीत अशा दिवसांत गेलात, तर अस्वले डोंगरउतारांवर पांगलेली असू शकतात. माझी पहिली सहल नेमकी याच पोकळीत सापडली होती. सुट्टी मिळाली म्हणून मी तारीख ठरवली होती, आणि तीन दिवसांत दोन अस्वले, तीही दुरून, एवढेच पदरी पडले.

भरती-ओहोटीचे कोष्टक हा या सहलीचा खरा नकाशा आहे. या भागात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, त्यांच्या वेळा रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, आणि उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, दोन्हींमधला फरक सहा मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. याचा अर्थ असा की सकाळी जिथे तुम्ही वल्हे मारत होता तिथे दुपारी अर्धा किलोमीटर चिखल पसरलेला असू शकतो. ओहोटीच्या वेळी अस्वले त्या उघड्या पडलेल्या पुळणीवर येतात, पंजाने वाळू उकरून शिंपले काढतात आणि दगड उलटवून त्याखालचे जीव खातात. भरती चढू लागली की तिच्याबरोबर सॅमन ओढ्याच्या मुखात शिरतात, आणि अस्वले तिकडे वळतात. म्हणून ज्या दिवशी ओहोटीपासून चढत्या भरतीपर्यंतचे पाच-सहा तास उजेडात सलग हाती लागतील, तो दिवस मी निवडते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढते-उतरते, त्यामुळे नवख्या माणसाला वल्हवणे सोपे जाते. उधाणाच्या दिवसांत पुळण अधिक उघडी पडते, पण प्रवाहही जोरकस असतो. दोन्हींचा लाभ एकदम मिळत नाही, तेव्हा आपल्याला काय झेपते त्याप्रमाणे निवड करावी.

या कोष्टकाकडे मी एकदा दुर्लक्ष केले होते. जवळच्या विंडफॉल बेटावर तंबू ठोकताना आदल्या भरतीची ओली रेघ पाहिली आणि तिच्या दोन हात वर जागा धरली. परंतु पौर्णिमा जवळ आलेली होती आणि रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी होती. मध्यरात्रीनंतर पाण्याच्या आवाजाने जाग आली तेव्हा माझी कयाक तरंगू लागली होती आणि तिचा दोर एका लहानशा फांदीला बांधलेला होता. ती फांदी टिकली. कयाक वाहून गेली असती, तर आम्ही दोघी त्या बेटावर अडकून पडलो असतो, कारण तिथे मोबाइलला सिग्नल मिळत नव्हता. तेव्हापासून भरतीची उंची मी आकड्यात वाचते, काठावरच्या रेघेत नाही, आणि कयाक नेहमी दोन ठिकाणी, जाड खोडाला बांधते.

आता कयाक की बोट. कयाकची शांतता हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे असे सर्वजण मानतात, आणि याच बाबतीत मला सर्वाधिक सावध करावेसे वाटते. वळणाआड चरत असलेल्या अस्वलाला आवाज न करता येणारी कयाक कळत नाही. ती एकदम वीस मीटरवर उगवते. दचकलेले अस्वल हेच सर्वांत धोक्याचे अस्वल होय. त्यातच कयाकमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम पाऊण मीटर उंचीवर असतात. ओहोटीच्या वेळी ओढ्याच्या अरुंद पात्रात शिरलात, तर दोन्ही बाजूंचे चिखलाचे काठ तुमच्या डोक्याच्या वर जातात. काठावर उभे असलेले अस्वल तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही त्याला दिसत नाही. म्हणून कयाकमधून अशा पात्रात कधीही शिरू नये, टोकाला वळसा घालताना किनाऱ्यापासून दूर राहावे, आणि सौम्य आवाजात बोलत राहावे. किनाऱ्यावरच्या अस्वलापासून किमान शंभर मीटर अंतर मी धरते. पोहत जाणारे अस्वल दिसले, तर त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये येऊ नये. ते एका बेटावरून दुसऱ्याकडे सहज पोहत जातात आणि पाण्यात त्यांना थकवणे ही क्रूरता आहे.

दुसरा प्रश्न थंडीचा. उन्हाळ्यातही हे पाणी दहा अंश सेल्सियसच्या आसपास असते. अशा पाण्यात पडल्यावर पहिले मिनिट श्वास आवरण्यात जाते, पुढची दहा मिनिटे हातपाय कामाचे राहतात, आणि तासाभरात शुद्ध हरपण्याची वेळ येते. उलटलेल्या कयाकमध्ये परत चढण्याचा सराव ज्याने थंड पाण्यात केलेला नाही, त्याने स्वतःच्या बळावर हा प्रवास आखू नये, असे मी स्पष्टपणे सांगते, मग विचारणाऱ्याला वाईट वाटले तरी चालेल. जूनोकडून वल्हवत जाणारे लोक स्टीफन्स पॅसेज ही मोठ्या जहाजांची उघडी सामुद्रधुनी ओलांडतात, भरतीच्या वेळी ऑलिव्हर इनलेट या छोट्या खाडीच्या अरुंद तोंडातून आत जातात, आणि तिथून सुमारे दीड किलोमीटर जमीन ओलांडून सीमोर कॅनॉलमध्ये उतरतात. या जमिनीच्या पट्ट्यावर रुळांवरून हाताने ढकलण्याची गाडी बसवलेली आहे. ती चालू स्थितीत आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्यावे. हा मार्ग सुंदर आहे, पण तो अनुभवी माणसांचा आहे.

बोटीने जायचे, तर सीमोर कॅनॉलच्या पूर्वेकडच्या ग्लास द्वीपकल्पाला दक्षिणेकडून पूर्ण वळसा घालावा लागतो, म्हणून एका दिवसाच्या फेरीपेक्षा ज्या बोटीवर राहता येते ती अधिक योग्य. बोट उंच असते, काठावरच्या गवतावरून पलीकडचे दिसते, तिच्या इंजिनाचा आवाज अस्वलाला दुरूनच सूचना देतो, आणि हवामान बिघडले तर आश्रयाला जाता येते. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी असा मार्ग सुचवते: राहण्यासाठी आणि अंतर कापण्यासाठी बोट, आणि वारा पडलेला असताना वाटाड्याबरोबर दोन-तीन तासांसाठी बोटीवरूनच उतरवलेली कयाक. काही ठिकाणी तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, प्रिन्स रुपर्टच्या ईशान्येला, खुत्झेमातीन हे ग्रिझली अस्वलांसाठी (तीही तपकिरी अस्वलेच) १९९४ मध्ये राखून ठेवलेले अभयारण्य आहे. तिथे पर्यटक अस्वले पाहतात ती पाण्यावरूनच, किनाऱ्यावर पाय न ठेवता.

पॅक क्रीकला मात्र किनाऱ्यावर उतरता येते, आणि ते का शक्य झाले आहे हे समजून घेतल्याशिवाय कोणी तिथे जाऊ नये असे मला मनापासून वाटते. १ जून ते १० सप्टेंबर या काळात तिथे परवाना लागतो, आणि ५ जुलै ते २५ ऑगस्ट या मुख्य हंगामात दिवसाला जास्तीत जास्त चोवीस जणांनाच प्रवेश मिळतो. पाहण्याच्या जागा दोनच: ओढ्याच्या मुखाशी असलेली वाळूची जीभ आणि जंगलातल्या पायवाटेने सुमारे दीड किलोमीटर वर असलेला मनोरा. माणसे याच दोन जागी असतात, त्याच वाटेने जातात, आणि खाण्याची कोणतीही वस्तू बरोबर नेत नाहीत. वर्षानुवर्षे असेच घडत आल्यामुळे अस्वलांना माणूस कुठे असेल हे ठाऊक झाले आहे, आणि त्याच्याकडून न अन्न मिळते न त्रास होतो, हेही. मग ती त्याच्याकडे लक्ष देणे सोडतात. अस्वल माणसाळलेले असते म्हणून हे घडत नाही. माणसांचे वागणे ठरलेले असते म्हणून घडते. चांगल्या छायाचित्रासाठी एक जण वाळूवरून दहा पावले पुढे सरकला, तर त्याने फक्त स्वतःचा जीव धोक्यात घातलेला नसतो. उद्या येणाऱ्या चोवीस जणांसाठी अस्वलाने धरलेला तो भरवसा त्याने मोडलेला असतो. मोठी लेन्स न्यावी आणि जागा सोडू नये.

अन्नाचा नियम मुक्कामाच्या ठिकाणीही तितक्याच काटेकोरपणे पाळावा लागतो. कयाकचे झाकण अस्वलाला थांबवू शकत नाही, म्हणून सर्व अन्न, दंतमंजन आणि साबणसुद्धा, अस्वलाला न उघडता येणाऱ्या कठीण डब्यात ठेवावे. ग्लेशियर बे या अलास्कातल्या राष्ट्रीय उद्यानात असे डबे मुक्कामाला जाणाऱ्यांना दिले जातात, आणि तिथली एक रीत मी सगळीकडे पाळते: स्वयंपाक आणि जेवण तंबूपासून दूर, भरतीचे पाणी येऊन जाते त्या पट्ट्यातच करायचे, म्हणजे सांडलेला कण आणि त्याचा वास पुढची भरती धुऊन नेते.

बाकीचे थोडक्यात सांगते. हे पावसाचे जंगल आहे, तेव्हा कपडे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे असावेत, सुती नकोत. अस्वलांसाठीचा तिखट फवारा प्रवासी विमानात कोणत्याही सामानातून नेता येत नाही, म्हणून तो जूनोत विकत घ्यावा आणि छोट्या विमानात बसताना वैमानिकाच्या हाती द्यावा. बरोबर सागरी रेडिओ हवा आणि संकटाच्या वेळी वापरायची सोळावी वाहिनी पाठ हवी. हवामानासाठी दोन दिवस मोकळे ठेवावेत, कारण ढग खाली उतरले की विमान येत नाही.

तुमच्यापैकी अनेकांना प्रश्न पडतो की तीन दिवस एकाच ओढ्याकाठी बसून काय पाहायचे. माझ्या दुसऱ्या सहलीत, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, वाळूच्या त्या जिभेवर आम्ही सात-आठ जण बसलो होतो. भरती चढत होती. एक मादी दोन पिल्लांना घेऊन गवतातून आली, आमच्यापासून काही अंतरावर थांबली, नाक वर करून वास घेतला आणि पिल्लांना तिथेच गवतात सोडून एकटी पाण्यात उतरली. वनरक्षक हळू आवाजात म्हणाली की ओढ्याच्या वरच्या बाजूला एक मोठा नर आहे, आणि असे नर माणसांपासून दूर राहतात हे काही माद्यांना माहीत असते. मादी चाळीस मिनिटे मासे पकडत होती. तेवढा वेळ आम्ही कोणी उभे राहिलो नाही, कोणी जागा बदलली नाही, आणि पिल्ले गवतात एकमेकांचे कान चावत लोळत राहिली. मग ती तोंडात मासा धरून परत आली, आमच्याकडे न पाहता पिल्लांना घेऊन झाडीत गेली, आणि थोड्या वेळाने पिल्ले लोळत होती त्या जागेवर पाणी आले.