ड्रायव्हर अपडेट केला आणि काकांचा कॉम्प्युटर मुका झाला

मागच्या मंगळवारी सकाळी साडेसातला मिरजेहून काकांचा फोन आला. "अगं, कॉम्प्युटर मुका झालाय. चालू आहे, पंखा ऐकू येतोय, पण बोलतच नाहीये."

आपल्याकडे कॉम्प्युटरचा आवाज गेला तर आपण काय म्हणतो, गाणी नंतर ऐकू, मीटिंग मोबाइलवरून करू. पण माझे काका पूर्ण अंध आहेत, वयाच्या नवव्या वर्षापासून. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता रिटायर झालेत आणि दिवसाचे पाच-सहा तास लॅपटॉपवर असतात. पेपर वाचतात, मेल लिहितात, लाइटबिल भरतात, पेन्शनचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवतात, आणि हे सगळं एनव्हीडीए नावाच्या स्क्रीन रीडरवर. स्क्रीनवर जे काही असेल ते तो वाचून दाखवतो, मराठी मजकूर मराठीत. मायकेल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या अंध माणसाने २००६ साली हा बनवायला घेतला आणि आजही तो फुकट मिळतो, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. तर आवाज गेला म्हणजे काकांच्या दृष्टीने स्क्रीनच गेली, माउस गेला, सगळंच गेलं.

फोन करण्याआधी काकांनी स्वतः काय काय करून बघितलं होतं ते ऐका. आधी कंट्रोल ऑल्ट एन दाबून एनव्हीडीए परत चालू केला, काही नाही. मग विंडोजचाच जो नॅरेटर असतो तो विंडोज कंट्रोल एंटर दाबून लावला, तोही गप्प. मग पेनड्राइव्ह घालून बघितला, तो घातल्यावर नेहमी टुंग वाजतं तेही वाजलं नाही. इयरफोनची पिन घालून बघितली, त्यातही शांतता. आणि मग मला म्हणाले, "म्हणजे एनव्हीडीए ठीक आहे, आवाजाचंच काहीतरी गेलंय. काल संध्याकाळी एक अपडेट आलं होतं, ऑडिओ ड्रायव्हर, रेकमेंडेड असं वाचलं त्याने. मी एंटर दाबला, रिस्टार्ट मागितला, तोही दिला. तिथून बंद."

समोर काहीही दिसत नसताना इतकं अचूक निदान. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला साउंडची चिप चालवता यावी म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम.

ते अपडेट लॅपटॉप कंपनीच्या स्वतःच्या अपडेटवाल्या अ‍ॅपमधून आलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, पण एक तक्रार मनापासून आहे. आवाजाचा ड्रायव्हर बदलताना कोणाचं अख्खं कॉम्प्युटर वापरणं आवाजावर अवलंबून असू शकतं हा विचार तिथे कोणीतरी करायला हवा होता. आदल्या ड्रायव्हरवर परत जा असं एक बटण तरी त्या अ‍ॅपमध्ये हवं होतं. ते नव्हतं.

काकू इचलकरंजीला बहिणीकडे गेलेल्या, घरात डोळस माणूस कोणी नाही, आणि मी पुण्यात ऑफिसला निघायच्या तयारीत. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल करायचं ठरवलं. काका लॅपटॉपला बाहेरून मोठा कीबोर्ड लावतात, त्यामुळे लॅपटॉप टेबलावर मागे सरकवला, मध्ये साखरेचा डबा आणि त्याला टेकवून मोबाइल, मागचा कॅमेरा स्क्रीनकडे. "जरा डावीकडे काका, अजून थोडा, बास." तरी अक्षरं इतकी बारीक की मला काही वाचता येईना, तर काका म्हणाले थांब, आणि विंडोज प्लस दाबून मॅग्निफायर लावला. स्क्रीनवरचं सगळं मोठं झालं. त्यांना स्वतःला त्याचा काही उपयोग नाही पण शॉर्टकट पाठ आहे. मग मी डोळे आणि काका हात, अशी आमची दीड तासाची ड्यूटी सुरू झाली.

पहिल्यांदा साधी गोष्ट तपासली, आवाज दुसरीकडेच तर जात नाहीये ना. ड्रायव्हर बदलला की पुष्कळदा असं होतं, की विंडोज टीव्हीला किंवा मॉनिटरला डिफॉल्ट धरून बसतं, आवाज एचडीएमआयच्या वाटेने जात राहतो आणि आपण इकडे स्पीकरला कान लावून बसतो. यासाठी विंडोज आर दाबायचं आणि एमएमसिस डॉट सीपीएल टाइप करायचं, साउंडची जुनी खिडकी उघडते, तिथे आवाज निघायच्या सगळ्या वाटा दिसतात. सेटिंग्जमध्ये तीन ठिकाणी फिरण्यापेक्षा ही खिडकी मला कायम बरी वाटते. पण काकांच्या लॅपटॉपवर यादीच रिकामी होती, स्पीकर नावाचा प्रकारच नाही.

मग ऑडिओची सर्व्हिस, म्हणजे विंडोजमधला आवाज सांभाळणारा आतला प्रोग्राम, बंद करून चालू केली. रन मध्ये सीएमडी, कंट्रोल शिफ्ट एंटर, परवानगी मागितली की ऑल्ट वाय, आणि मग नेट स्टॉप ऑडिओएसआरव्ही, नेट स्टार्ट ऑडिओएसआरव्ही. काका न बघता एकही चूक न करता टाइप करत होते. कधीकधी अपडेटनंतर एवढ्यानेच आवाज येतो, इथे आला नाही.

मग डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांची यादी, विंडोज एक्स आणि मग एम. साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स उघडलं तर ऑडिओच्या ओळीवर पिवळा त्रिकोण. ऑल्ट एंटर केल्यावर प्रॉपर्टीज उघडल्या, त्यात लिहिलेलं की हे डिव्हाइस सुरू होऊ शकत नाही, कोड १०. म्हणजे साउंडची चिप जागेवर आहे, विंडोजला दिसतेय, पण नवा ड्रायव्हर तिला उठवू शकत नाहीये. इयरफोनमध्ये आवाज का नव्हता तेही इथेच कळतं, लॅपटॉपचे स्पीकर आणि इयरफोनची पिन दोन्ही एकाच चिपवर असतात, चिप झोपली की दोन्ही बंद.

ड्रायव्हरच्या टॅबवर रोल बॅक ड्रायव्हर असं बटण असतं, ते दाबलं की आधीचा ड्रायव्हर परत येतो, आणि तुमच्याकडे ते चालू असेल तर आधी तेच करा. पण काकांच्या इथे ते फिकट होतं, दाबलं जात नव्हतं. आधीच्या ड्रायव्हरची प्रत विंडोजकडे राहिलेली नसली की ते असं फिकट दिसतं. मला वाटतं कंपनीच्या त्या अ‍ॅपने नवा घालताना जुना साफ काढून टाकला.

मग जे केलं ते नीट सांगते. अपडेट ड्रायव्हर निवडायचं, पण ऑनलाइन शोध असं म्हणायचं नाही, ब्राउज माय कॉम्प्युटर म्हणायचं, आणि त्याच्या पुढच्या पानावर लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट. तिथे त्या चिपला चालू शकतील अशा ड्रायव्हरची यादी येते आणि त्यात साधं हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस असं एक नाव असतं. हा विंडोजच्या पोटातला सर्वसाधारण ड्रायव्हर, तो कोणत्याही एका कंपनीच्या चिपसाठी बनवलेला नाही. २००४ साली हाय डेफिनिशन ऑडिओ नावाचं एक मानक आलं आणि पुढे बहुतेक लॅपटॉपच्या चिप त्याच पद्धतीने बोलायला लागल्या, त्यामुळे हा ड्रायव्हर त्यातल्या बऱ्याच चिपशी निदान कामापुरतं बोलू शकतो. अगदी अलीकडच्या काही लॅपटॉपमध्ये आवाजाची रचना वेगळी असते तिथे याने काम होत नाही, पण काकांचा २०१९ चा आहे. हा ड्रायव्हर घालताना विंडोज इशारा देतं, येस म्हणायचं, रिस्टार्ट.

रिस्टार्टला दोनेक मिनिटं गेली असतील. मी कॉलवर नुसती स्क्रीन बघत होते, काका काही बोलत नव्हते. आणि मग एनव्हीडीए सुरू होताना जी चढत जाणारी सुरावट वाजते ना, ती मला मोबाइलमधून ऐकू आली. "आला!" एवढंच म्हणाले काका, आणि लगेच बाण खाली-वर करून डेस्कटॉपवरच्या फायली वाचायला लागले, सगळ्या आहेत ना बघितलं. मला त्यानंतर ऑफिसला उशीर झाला, त्याचं काही वाटलं नाही.

गोष्ट इथेच संपली असती, पण बुधवारी रात्री परत फोन. आवाज येतोय पण पहिलं अक्षर खातोय. थोडा वेळ काही न बोलता बसलं आणि मग बाण दाबला की पहिल्या शब्दाची सुरुवात गायब. आता आपल्याला वाटेल एवढं काय त्यात. तर काकांनी उदाहरण दिलं. मेलच्या यादीत न वाचलेल्या मेलला एनव्हीडीए आधी 'अनरीड' म्हणतो. त्यातलं 'अन' गेलं की उरतं 'रीड', म्हणजे न वाचलेला मेल वाचलेला होतो. बँकेचा एक मेल त्यांनी असाच सोडून दिला होता.

हे वीज वाचवण्यामुळे होतं. काही वाजत नसलं की ड्रायव्हर साउंडच्या चिपला झोपवतो, पुन्हा आवाज आला की ती उठते, आणि उठायला लागणारा तो पाव-अर्धा सेकंद आवाज वाया जातो. गाणं ऐकणाऱ्याला कळतही नाही. एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंगमध्ये, एनव्हीडीएची की (बहुतेक वेळा इन्सर्ट), कंट्रोल आणि यू दाबलं की ते उघडतं, बोलून झाल्यावर चिप किती सेकंद जागी ठेवायची हे ठरवता येतं, पण ते जास्तीत जास्त ३० सेकंद. काका चहाचा घोट घेऊन परत आले की ३० सेकंद केव्हाच संपलेले असतात. लॅपटॉप कंपनीचा जुना ड्रायव्हर असताना हे होत नव्हतं, म्हणजे तोच परत आणायचा.

तो उद्योग फोनवर नको म्हणून शनिवारी कोयनेने मिरजेला गेले. कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलच्या पानावर जुन्या आवृत्त्यांचीही यादी होती, त्यातला आधीचा ड्रायव्हर डाउनलोड केला. मग वाय-फाय बंद, हे फार महत्त्वाचं, कारण नेट चालू असलं की विंडोज मधल्या वेळात स्वतःच काहीतरी आणून बसवतं. मग जुन्या फाइलने इन्स्टॉल केलं तर काम फत्ते असं मला वाटलं होतं, पण रिस्टार्ट केल्यावर परत तोच पिवळा त्रिकोण. झालं असं होतं की तो बिघडलेला नवा ड्रायव्हर विंडोजच्या ड्रायव्हर स्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये अजून होताच आणि विंडोज दोघांतला नवा तो चांगला असं धरून त्यालाच पुढे करत होतं. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमधून अनइन्स्टॉल डिव्हाइस करताना जी ड्रायव्हरही काढून टाकायची चौकट येते तिच्यावर खूण करायचीच, नुसतं अनइन्स्टॉल करून उपयोग नाही. खूण करून काढला, परत जुना घातला, रिस्टार्ट केला, त्रिकोण गेला. काका दोन मिनिटं हात बांधून गप्प बसले, मग बाण दाबला. "अनरीड." पूर्ण.

एक मात्र मी आधीच विचारात घेतलं होतं, की हे सगळं करताना मधे आवाज जाणार आणि काकांना नुसतं माझ्या शेजारी बसून राहावं लागणार, ते मला नको होतं, लॅपटॉप त्यांचा आहे. म्हणून पुण्याहून निघताना यूएसबीचं छोटं साउंड कार्ड घेतलं, तीन-चारशे रुपयांत मिळतं, अंगठ्याएवढं असतं, एका टोकाला यूएसबी आणि दुसरीकडे इयरफोनची जागा. त्याच्यात स्वतःची चिप असते आणि लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे लॅपटॉपची चिप मेली तरी हे बोलतं. मंगळवारी घरात हे असतं तर दीड तासाचा व्हिडिओ कॉल करावाच लागला नसता, काकांनी पिन घालून सगळं स्वतःच केलं असतं, मी फोनवर फक्त पुढची पायरी सांगितली असती. स्क्रीन रीडर वापरणारं कोणी तुमच्या घरात असेल तर बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं एक आजच घेऊन ठेवा. ब्रेल डिस्प्ले, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोटांखाली ब्रेलच्या ठिपक्यांत उमटवणारं यंत्र, हा खरा आवाजावाचूनचा मार्ग, पण त्याची किंमत अजून काकांच्या आवाक्यात नाही.

अजून दोन गोष्टी केल्या. कंपनीच्या त्या अ‍ॅपमधलं आपोआप अपडेट बंद केलं. आणि एनव्हीडीएच्या २०२५.१ पासून त्याच्यातच रिमोट अ‍ॅक्सेस आलाय तो जोडला. माझ्या लॅपटॉपवरही एनव्हीडीए घातला, दोन्हीकडे एकच की, म्हणजे जोडणीचा पासवर्ड, दिली आणि काकांच्या इथे एनव्हीडीए सुरू झाला की आपोआप कनेक्ट हो असं ठेवलं. याची गंमत अशी की त्यांचा एनव्हीडीए जे बोलतो ते माझ्या स्पीकरवर ऐकू येतं, त्यांचा स्पीकर बंद असला तरी.

रविवारी दुपारी काकांनी परीक्षा घेतली. मला आतल्या खोलीत बसवलं आणि मुद्दाम लॅपटॉपचे स्पीकर डिसेबल केले. पहिल्यांदा माझ्याकडून ऐकलं, मी काय ऐकू येतंय ते ओरडून सांगायचं. मग म्हणाले आता तू बोलू नकोस, आणि साउंड कार्ड चाचपून खोचलं, इयरफोन लावला, एमएमसिस उघडून स्पीकर परत चालू केले. चार मिनिटं लागली.

त्या साउंड कार्डाला काकूंनी आता लाल दोऱ्याची गाठ मारलीय, टेबलाच्या उजव्या ड्रॉवरमध्ये असतं, दुसरं काही त्या कप्प्यात ठेवायचं नाही असं काकांनी सांगून ठेवलंय. जुना ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर घेतलाय, तोही तिथेच आहे, फोल्डरचं नाव त्यांनी 'आवाज' ठेवलं.