सेन्सर फक्त स्वतःबद्दल बोलतो

इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, ती आज इथे नीट लिहून ठेवते. भट्टीचं तापमान, टाकीतली पातळी, पाइपमधला प्रवाह यांतलं काहीही सेन्सर थेट मोजत नाही. तो स्वतःच्या अंगात झालेला बदल कळवतो. आपण किती तापलो, किती ताणले गेलो, आपल्या पडद्यावर किती दाब आला, एवढंच त्याला ठाऊक असतं. भट्टी आणि टाकी हे आपलं अनुमान. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बरेचसे फॉल्ट मल्टीमीटर बाहेर काढायच्या आधीच उलगडायला लागतात.

थर्मोकपल घ्या. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या, ते टोक गरम आणि उरलेली दोन टोकं गार ठेवली की गार टोकांमध्ये अगदी बारीक व्होल्टेज मिळतं. झेबेकने १८२१ मध्ये हा परिणाम पाहिला तेव्हा त्याला होकायंत्राची सुई हललेली दिसली होती, आणि हा चुंबकत्वाचा प्रकार आहे असा त्याचा समज झाला होता. के टाइप म्हणजे क्रोमेल आणि अॅल्युमेल या मिश्रधातूंच्या तारांची जोडी; तिच्यात हे व्होल्टेज दर डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. गार टोक शून्य डिग्रीला असेल तर १०० डिग्रीला ४.०९६ मिलिव्होल्ट.

हे व्होल्टेज वेल्ड केलेल्या टोकात तयार होतं असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ते तारेच्या लांबीत तयार होतं, जिथे जिथे तापमान बदलत जातं तिथे. टोकाचं काम दोन तारा जोडण्यापुरतं. म्हणून भट्टीपासून पॅनेलपर्यंत जिथे तापमान बदलतंय तिथे तार त्याच जातीची हवी, आणि हेडपासून, म्हणजे सेन्सरच्या वरच्या जोडणीच्या डबीपासून, पुढे त्याच जातीची एक्स्टेंशन केबल लागते ती याचसाठी. समजा हेड ६० डिग्रीला आहे आणि पॅनेल ३० ला. मध्ये कोणी साधी तांब्याची केबल ओढली, तर त्या ३० डिग्रीच्या फरकाचं व्होल्टेज तयारच होत नाही आणि रीडिंग सुमारे ३० डिग्रीने कमी येतं.

यापेक्षा अवघड प्रकार उलट्या पोलॅरिटीचा. आंतरराष्ट्रीय रंगसंकेतात के टाइपची प्लस तार हिरवी आणि मायनस पांढरी. अमेरिकन संकेतात प्लस पिवळी आणि मायनस लाल. इलेक्ट्रिकलची सवय असलेला हात लाल तार हमखास प्लसला लावतो. हेडवर तारा उलट लागल्या की भट्टी तापताना रीडिंग खाली जाताना दिसतं, मग कोणीतरी पॅनेलवर तारा बदलतं. आता रीडिंग वर चढतं, सगळं सुरळीत दिसतं आणि काम संपल्याची सही होते. पण मधली केबल अजून उलटीच आहे. वरच्या उदाहरणातले ३० डिग्री मिळायचे ते उलट वजा होतात, म्हणजे रीडिंग जवळजवळ ६० डिग्रीने कमी. त्यातही हेड आणि पॅनेल सारख्याच तापमानाला असतात तेव्हा चूक शून्य. दुपारी येते आणि पहाटे गायब होते, अशी तक्रार आली की मी आधी हेडचं झाकण उघडते. के टाइपची मायनस तार, म्हणजे अॅल्युमेल, लोहचुंबकाला चिकटते आणि क्रोमेल चिकटत नाही. त्यामुळे खिशात एक छोटा चुंबक ठेवावा. रंग विटलेले असले तरी निकाल लगेच मिळतो.

पीटी-१०० म्हणजे तापमानाबरोबर रोध बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर; त्याचा स्वभाव शांत. शून्य डिग्रीला १०० ओहम, १०० डिग्रीला १३८.५ ओहम, म्हणजे डिग्रीमागे जेमतेम ०.३९ ओहम. दोन तारांवर जोडला आणि जाण्यायेण्याच्या केबलचा रोध मिळून एक ओहम असला तर अडीच डिग्री फुकट वाढतात. तिसरी तार यासाठीच असते. तिच्यावरून ट्रान्समीटर, म्हणजे सेन्सरचं रीडिंग करंटमध्ये बदलून पुढे पाठवणारं उपकरण, केबलचा रोध ओळखून वजा करतो, पण तिन्ही तारा सारख्या आहेत असं गृहीत धरून. एका टर्मिनलचा स्क्रू ढिला झाला किंवा गंजला की ते गृहीतच कोसळतं. शिवाय थर्मोवेलमध्ये, म्हणजे सेन्सर ज्यात घालतात त्या बंद तळाच्या नळीत, सेन्सर तळाला टेकलेला नसेल तर मध्ये राहिलेल्या हवेमुळे तो उशिरा तापतो आणि कमी तापतो. कॅलिब्रेशन बाथमध्ये तो अचूकच निघेल, कारण तिथे तो खरोखर तेवढाच तापलेला असतो.

वजन मोजणाऱ्या लोडसेलवर माझं विशेष प्रेम आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर चिकटवलेली धातूची पातळ फॉइल, म्हणजेच स्ट्रेन गेज. लांबीत जितका टक्का वाढ, त्याच्या साधारण दुप्पट टक्क्याने तिचा रोध वाढतो. ठोकळा हजार मायक्रोस्ट्रेन ताणला, म्हणजे मीटरमागे एक मिलिमीटर, तर ३५० ओहमची गेज ३५०.७ होते, बस. नुसत्या ऊनसावलीनेही रोध हलू शकतो, म्हणून चार गेज व्हीटस्टन ब्रिज या चौकोनी सर्किटमध्ये बसवतात: दोन ताणल्या जाणाऱ्या, दोन दाबल्या जाणाऱ्या. तापमान चौघींवर सारखंच येतं आणि आपसात कटतं, उरतो तो वजनाचा फरक. १० व्होल्ट दिले तर २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टच्या लोडसेलमधून पूर्ण भाराला २० मिलिव्होल्ट निघतात. १० टनांच्या सेलवर १० किलो ठेवले तर फक्त २० मायक्रोव्होल्ट, म्हणजे के टाइपच्या अर्ध्या डिग्रीइतके. एवढ्या बारीक सिग्नलवर वजनकाटा चालतो याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

पण या ठोकळ्याला हॉपर, म्हणजे वरची माल साठवायची नसराळ्यासारखी टाकी, दिसत नाही, स्वतःचं वाकणं तेवढं कळतं. हॉपरला पाइप कडक जोडलेला असेल, मध्ये बेलो, म्हणजे लवचीक जोड, नसेल, तर काही भार तो पाइपच उचलतो आणि सेलपर्यंत पोचू देत नाही. खाली भुकटी साचून हॉपर फ्रेमला टेकलं तरी तेच. अशा वेळी झिरो-स्पॅन, म्हणजे रिकाम्या आणि भरलेल्या वजनाचं सेटिंग, पुन्हा मारून काही होत नाही. भोवती फिरून कुठे काय टेकलंय ते बघावं लागतं.

टाकीच्या तळाशी बसवलेला प्रेशर ट्रान्समीटर पातळी दाखवतो तेव्हाही हेच. त्याला कळतो दाब. एक मीटर पाण्याचा दाब ९.८१ किलोपास्कल. पाण्यावर कॅलिब्रेट करून पाण्याच्या ०.८५ पट घनतेचं तेल भरलं, तर एक मीटर तेल ८५ सेंटिमीटर दिसेल. पाइपमध्ये बसवलेल्या भोकाच्या चकतीवर, म्हणजे ओरिफिस प्लेटवर, दाबातला फरक प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. अर्ध्या प्रवाहाला पाव फरक आणि दहा टक्क्यांना फक्त एक टक्का, म्हणून अगदी कमी प्रवाहाच्या आकड्यावर हिशोब लावू नये असं माझं ठाम मत आहे. धातू जवळ आला की ओळखणाऱ्या इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सरला समोरच्या धातूत उठलेल्या भोवरी प्रवाहांनी आपल्या ऑसिलेटरची किती ऊर्जा खाल्ली ते जाणवतं. त्यामुळे पोलाद जितक्या अंतरावर पकडतो त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर त्याला अॅल्युमिनियम कळतं. दाबला की विद्युत चार्ज देणारा पिझोइलेक्ट्रिक सेन्सर कंपन उत्तम टिपतो, पण स्थिर भाराखाली त्याचा चार्ज हळूहळू निसटतो. वजनासाठी तो नकोच.

यानंतर सगळं येऊन मिळतं ४ ते २० मिलिअँपिअरच्या लूपमध्ये, म्हणजे रीडिंग कंट्रोल रूमकडे नेणाऱ्या करंटच्या सर्किटमध्ये. सुरुवात ४ पासून, कारण तार तुटली तर शून्य येतं आणि ते लगेच ओळखता येतं. त्याच ४ मिलिअँपिअरमधून दोन तारांचा ट्रान्समीटर स्वतःचं पोटही भरतो. नामुर या प्रोसेस उद्योगांच्या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे वागणारा ट्रान्समीटर बिघाड झाला की करंट ३.६ किंवा त्याखाली नाहीतर २१ किंवा त्यावर नेऊन ठेवतो. लूप तुटला, सेन्सर ओपन झाला, हे कंट्रोल रूममध्ये बसून समजतं. थर्मोवेलमधून वर सरकलेला पीटी-१०० मात्र या सगळ्या तपासण्यांत पास होतो, कारण तो स्वतःचं तापमान अगदी बरोबर सांगत असतो. त्यासाठी शिडी चढून हेड उघडायचं, सेन्सर बाहेर काढून त्याची लांबी टेपने मोजायची आणि वेलच्या खोलीशी ताडून बघायची.